सुमीला बंगळूरच्या डॉक्टरणीला दाखवलं

आमच्या हिनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते शेंगा फोडायचं. फोडता फोडता ही म्हणाली, "सुमीचं पोट उगाच दुखत नाही. शिकवणीचा मास्तर तिला नको तिथं हात लावतो. पोरीनं मला सांगितलंय. बंगळूरला दाखवा तिला." दुसऱ्या दिवशी ही देवाघरी गेली.

सुमी आमच्या लेकीची लेक, आठ वर्षांची, निपाणीला आमच्याकडं शिकायला. शिकवणी तोडली, हिचे दिवस घातले आणि पोरीला घेऊन बसमध्ये बसलो.

मला एकच भीती. डॉक्टरणीपुढं अडखळली तर पोरगी खोटी ठरेल. म्हणून वाटेत तिच्याकडून पाढ्यासारखं सगळं पाठ करून घेतलं. दावणगेऱ्याला डोशावर हा एवढा लोण्याचा गोळा आला, तिनं बोट लावलं नाही. मी म्हटलं, "खा, आणि परत म्हण."

रिक्षावाल्यानं चिकपेट सोडून शिवाजीनगरला नेलं. विचारत विचारत चिकपेटातल्या मेहुणीच्या, शांताक्काच्या घरी पोचलो. डॉक्टरीण तिच्याच ओळखीची, इथल्या जुन्या मराठी घरातली.

डॉक्टरणीच्या खोलीत बाहुल्या, रंगीत खडू. सुमीनं हात जोडले आणि घडाघडा म्हणून टाकलं. डॉक्टरणीनं तिला चित्र काढायला बसवलं, मला बाहेर घेतलं.

"अज्जा (आजोबा), हे कुणी शिकवलं?"

"मी."

"मग हे तुमचं बोलणं. तिचं कुठाय?"

"म्हणजे पोरगी खोटी?"

"नाही हो. माझा विश्वास आहे तिच्यावर. पण आता स्वल्प (जरा) थांबा. कुणी विचारायचं नाही, शिकवायचं नाही. अंग तपासायचं तेही तिला विचारून. खोलीत कोण बसणार, तीच ठरवेल. उद्या परत आणा."

"आठ वर्षांची पोर ठरवणार?"

"मास्तरानं विचारलं होतं तिला?"

आपल्याकडं पोराला कुणाच्याही पुढ्यात ढकलतात, पाया पड, गाणं म्हण. मीही ढकललंय.

घरी शांताक्का लगेच, "काय विचारलं गं डॉक्टरणीनं?"

"तिला कुणी काही विचारू नका."

"मी काय परकी, भावजी?"

"नाही. तरी नको."

अक्का रुसली. रुसू दे.

सकाळी दवाखान्याच्या दारात मी थांबलो. "सुमे, मी आत येऊ का?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"आज्जा, तू बाहेर बस."

मी बाकावर जाऊन बसलो. दार तिनंच लावून घेतलं.