सीलबंद लक्ष्मी

थेरगावात आमच्या शेजारी राहणारे काका चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. भाजीवाल्याचा टोमॅटोही ते चहूबाजूंनी फिरवून बघतात आणि "पास" म्हणून पिशवीत टाकतात. त्यांना चांदीची नाणी जमवायचा नाद आहे, पण तज्ज्ञांनी तपासून, दर्जा ठरवून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेलीच. अशा नाण्यांना नुसत्या चांदीपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात.

"डबी फोडली की दर्जा गेला. मग उरली नुसती चांदी," असं ते बजावतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून वर मलाच विचारतात, "तू शिकलेला, तूच सांग. फायद्याचं आहे ना?"

"असेल, काका," एवढंच मला सुचतं.

यंदा लक्ष्मीपूजनाला मी त्यांच्याकडेच होतो. काकूंनी पूजेसाठी एक नाणं मागितलं. काकांनी ते डबीसकट ताम्हणात ठेवलं. काकूंनी निमूटपणे त्यावर दूध घातलं. लगेच काकांनी डबी पुसून उजेडात धरली.

"बघा, थेंबभरही आत गेलं नाही! पैसे वसूल!"

"म्हणजे लक्ष्मी कोरडीच राहिली की हो," काकू म्हणाल्या.

काकांनी डबी हातात उलटसुलट केली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जरा पक्कड आण रे घरून."