काळ्या रानातली चाल

भुजंग जिंतूरकडच्या डोंगराळ गावातला मेंढपाळ. एका जागी बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. दसरा झाला की बायको दैवशाला आणि मेंढरं घेऊन तो पाथरीकडं उतरायचा, लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचा आणि मृगाच्या तोंडावर घरी परतायचा. लग्न झाल्या वर्षी वाटेत त्यानं दैवशालाला विचारलं होतं, "थकलीस का?" आणि तिनं तोंड उघडायच्या आत तो बांधापलीकडं पोचलाही होता. ही गोष्ट ती हसून सांगायची. आता सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात परतताना डांबरी रस्त्यावर एक गाभण मेंढी मधेच थबकली. तिला ढकलायला भुजंग वळला आणि मालट्रकचं चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं. मेंढी वाचली. पाय मात्र परभणीच्या दवाखान्यात गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

जखम भरल्यावर त्याला कृत्रिम पाय बसवला. चालणं शिकवायला राजेश्री मॅडम होत्या. दोन दांड्यांना धरून भुजंग उभा राहिला, पण नजर जमिनीवरून उचलेना.

"मॅडम, बघितल्याबिगर पाय कुठं पडला ते कळंना मला. ढेकूळ, काटा, ओल, समदं तळव्याला कळायचं."

"आता ते कळणार नाही, मामा. मांडीवर दाब कुठं येतो त्यावरून ओळखायचं. पाय बाहेरून फेकू नका. टाच टेकवा, वजन टाका, मग गुडघा आपोआप सुटतो."

तो जिद्दीनं शिकला. पुढं पुढं मॅडम बाकीच्या पेशंटना त्याची चाल दाखवायच्या. तो निघताना मात्र त्यांनी बजावलं, "ही फरशी आहे. शेतात इतक्यात जाऊ नका, सरावाला येत राहा."

पण एसटीची पायरी उंच, त्यात गर्दी. तो पुन्हा गेला नाही. अंगणातच फेऱ्या मारत राहिला. दसरा आला.

"आवो, तुमी घरीच ऱ्हावा," दैवशाला म्हणाली. "मल्हार हाय माझ्यासंगं." मल्हार तिचा धाकटा भाऊ.

"घरात बसून भिताडं राखू का? मी यायलोय."

डांबरी रस्त्यावर तो बरा चालला. पुढं कळप वावरात उतरला. परतीच्या पावसानं काळी माती लोण्यासारखी झाली होती. कृत्रिम पायाला चिखल चिकटला, पाय जड झाला, गुडघा सुटेना. मग कंबर उचलून तो पाय बाहेरून फेकायला लागला, मॅडमनी नको म्हटलं होतं अगदी तसाच. घामानं मांडीची कातडी सोलली. मेंढरं लांब गेली, आणि कपाशीच्या ओळीत तो आडवा पडला. उठायला गेला तर पाय चिखलातच राहिला आणि मांडीचा खुंट मोकळा बाहेर आला.

दैवशाला धावत मागं आली. तेवढ्यात पुढं मेंढरं कुणाच्यातरी तुरीत घुसली. मालक ओरडायला लागला, मल्हारला एकट्याला आवरेना.

"जा तू," भुजंग म्हणाला.

"तुमाला असं टाकून?"

"मेंढरं काढ आधी. जा म्हन्लं ना!"

ती गेली. जाताना तिनं वळून पाहिलं तेव्हा तो दोन्ही हातांनी चिखलातून आपला पाय उपसत होता.

मल्हारनं त्याला कुणाच्यातरी मोटरसायकलवर घरी आणून सोडलं. सोललेली जागा पिकली. डॉक्टरांनी पाय घालायला मनाई केली. शेजारीण दोन वेळचं ताट आणून ठेवायची. हिवाळाभर तो बाजेवर मांडी दुमडून पडून राहिला. जखम सुकली, पण मांडी तशीच आखडून गेली, सरळच होईना. कृत्रिम पाय चढेना. त्यानं मॅडमना फोन केला.

"मामा, मांडी आखडू नये म्हणून पालथं झोपायला सांगितलं होतं ना मी? आता पहिल्यापासून करावं लागेल. या तुम्ही."

"येतो," तो म्हणाला. गेला नाही.

मृगाच्या आधी दैवशाला परतली. वाटेत जन्मलेली कोकरं तिनं दारात आणून दाखवली. त्यानं नुसतं "बरं हायेत" म्हटलं. जेवणं झाल्यावर ती तेलाची वाटी घेऊन बाजेपाशी बसली.

"परभनीला जाऊ. मी येते संगं."

"कायला? फरशीवर चालायला?"

दैवशालानं वाटीत बोटं बुडवली. ती मांडीला तेल चोळत राहिली. आतली शीर सैल होत नव्हती. तिच्या हाताला ते कळत होतं, आणि त्यालाही.