शर्टाच्या बाहीवरून

"गाव कळलं. गावात घर कुण्या अंगाला हाय?"

कंपाउंडरनं हे विचारलं तेव्हा माझा बा खाटेवर पडला होता. तोंड वाकडं झालेलं. लाळ गळत होती. उजवा हात, उजवा पाय लुळा. आदल्या दिवशी रानातून येता येता त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. वालूरच्या पुढच्या आमच्या खेड्यातून जीपमध्ये घालून आम्ही त्याला परभणीला आणलं. आणि या माणसाला आमच्या घराची दिशा हवी होती.

माय बाची लाळ पुसत होती. मीच सांगितलं, "खालच्या अंगाला. बौद्धवाड्यात."

"नामांतरवाले व्हय," तो म्हणाला. "विद्यापीठाचं नाव बदलून हात हलत असंल तर बगा."

बाकीच्या खाटांवरचे लोक हसले. बाला बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. या दुखण्यात डोळा गळतोच म्हणतात. तो कशानं गळला ते मला माहीत आहे.

बाचा उजवा हात म्हणजे काय होता, ते सांगायला पाहिजे. चौथीत असताना मी त्याला माझ्या पाटीवर सही शिकवली. दोन महिने लागले. तेव्हापासून त्यानं कुठंच अंगठा दिला नाही. सोसायटीत नाही, तलाठ्याकडं नाही. नामांतराच्या निवेदनावर आमच्या गावातून पहिली सही त्याची. त्या वर्षांत आमच्याकडं गावंच्या गावं पेटली होती. सही करणाऱ्यांची नावं ध्यानात ठेवली जात होती. माय नको म्हणाली तरी त्यानं केली. "अंगठा तर मेल्यावर बी कुणी बी उठवून घेतंय," तो म्हणायचा. "सही जित्या माणसाची असती."

तो हात आता माझ्या मांडीवर पडलेला होता. गार.

दवाखाना खाजगी होता. तिथं आम्ही गेलो ते मशीनसाठी. डॉक्टरांनी ती मुंबईहून आणली होती. करड्या रंगाची पेटी, लाल दिवा, एक बटण आणि दोन वायरींना दोन धातूच्या पट्ट्या. लुळ्या हाताला करंट द्यायची, थांबायची, पुन्हा द्यायची. आपोआप. डॉक्टरांना तिचं लय कौतुक. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ही मशीन हुशार आहे, बाई. पण वेळ घालवायचा नाही. सुरुवातीचे दिवस मोलाचे. हात आत्ता जागा झाला तर झाला."

ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. मी तेव्हा डी.एड.ला होते. शिकलेली होते. शिकलेल्या माणसावर माझा विश्वास होता.

मशीन कंपाउंडर चालवायचा. आमची पाळी शेवटची. आधी पालमकडचे एक मोठे जमीनदार, सगळे त्यांना मालक म्हणायचे. त्यांच्याही उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. त्यांची पाळी आली की आम्हाला व्हरांड्यात काढायचे आणि पडदा ओढायचे. मग आम्हाला आत घ्यायचे.

आमच्या पट्ट्यांचं फडकं वेगळं होतं. जुन्या धोतराचे दोन तुकडे खिडकीपाशी खिळ्याला टांगलेले. बाकीच्यांची फडकी पांढऱ्या वाडग्यात मिठाच्या पाण्यात भिजत असायची. त्या वाडग्याला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं.

कंपाउंडर बाला शिवायचा नाही. लांबून बोट दाखवायचा.

"तू बांध. शर्टावरूनच बांध. उघड्या अंगाला लावू नको, पट्टी बाटती."

मी बांधायची. कोरडं फडकं, त्याच्यात पट्टी, शर्टाच्या बाहीवरून आवळून. तो पेटीजवळ उभा राहून बटण फिरवायचा. लाल दिवा लागायचा. बाचा हात तसाच. तो आणखी फिरवायचा. हात तसाच.

"हात मेलाय," तो म्हणायचा. "करंट घेईना."

अकरा दिवस. रोज मी माझ्या हातानं शर्टावरून पट्ट्या बांधल्या. रोज बा त्या हाताकडं टक लावून बघायचा आणि मग डोळे मिटायचा. चूक आमच्याच नशिबाची आहे असं मला वाटलं. मशीन मोठी, डॉक्टर मोठे, आपल्याला काय कळतं. हे मी आज लिहिते आहे तेव्हाही माझा माझ्यावर संताप होतो.

बाराव्या दिवशी डॉक्टर दारात उभे राहिले. आत आले नाहीत. कंपाउंडरनं सांगितलं ते त्यांनी कागदावर लिहिलं. हाताला प्रतिसाद नाही. मशीनचा उपयोग नाही. घरी न्यावे.

"बारा दिवस बघितलं, बाई," ते म्हणाले. "हुशार मशीन तरी काय करणार?"

मायनं बोचकं बांधलं. बाची लाळ पुसायची दस्ती मशीनच्या खोलीत राहिली होती. ती आणायला मी पडदा सारून आत गेले. मालकांची पाळी चालू होती.

त्यांची बाही खांद्यापर्यंत वर होती. उघडा दंड, उघडा हात. कंपाउंडर त्यांचा हात स्वतःच्या दोन्ही हातांनी चोळत होता. बोटांनी दाबून जागा शोधत होता. मग त्यानं वाडग्यातलं ओलं फडकं काढलं, पट्टीला गुंडाळलं, कातडीवर ठेवलं, वर रबरी पट्टा आवळला. बटण जरासंच फिरवलं. मालकांची बोटं वर उडाली.

मी तिथंच उभी राहिले. मला सगळं कळलं. शाळेत विज्ञानाच्या तासाला आम्ही शिकलो होतो, कोरड्या कापडातून वीज जात नाही. मी ते पुढं पोरांना शिकवणार होते. आणि अकरा दिवस मी बाच्या हाताला कोरडं कापड बांधत होते. बाचा हात मेला नव्हता. त्याच्यापर्यंत करंट कुणी पोचूच दिला नव्हता.

"भाईर हो," कंपाउंडर ओरडला. "मालकाचं चालू हाय, दिसंना का?"

मी बाहेर गेले. मायला म्हटलं, "धर बाला." दोघींनी बाला उचलून आत आणला, मालकांच्या पलीकडच्या खुर्चीवर बसवला. मी बाची बाही वर केली. सरळ वाडग्यात हात घातला.

"ए पोरी! पाणी बाटवलंस!"

"बाटू द्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

मला अडवायचं तर शिवावं लागलं असतं; कंपाउंडर मागं सरला. बटण शून्यावर आणून मालकांच्या हाताच्या पट्ट्या मी सोडल्या. ओलं फडकं गुंडाळून बाच्या कातडीवर ठेवलं. जिथं कंपाउंडरनं मालकांच्या हातावर ठेवलं होतं तिथंच. मग बटण हळूहळू फिरवलं.

बाची बोटं हलली.

आधी एक. मग सगळी. थांबली. पुन्हा हलली. बानं हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याच्या वाकड्या तोंडातून आवाज फुटला. बारा दिवसांत पहिल्यांदा.

कंपाउंडरनं वाडगं उचललं आणि पाणी मोरीत ओतलं. मालक तोंड फिरवून बसले. आवाज ऐकून डॉक्टर आले. त्यांनी बाची बोटं हलताना बघितली. मी त्यांना बघताना बघितलं.

"तुला मशीनला हात लावायला कुणी सांगितलं?"

"बोटं हालली, साहेब. कागदावर लिहा."

"खाट दुसऱ्याला दिली आहे. निघा."

"कागदावर लिहा."

त्यांनी लिहिलं नाही. मग मी माझं पेन काढलं. त्यांच्या अक्षराखाली लिहिलं: बोटं हलली. उघड्या कातडीवर ओली पट्टी लावली तेव्हा हलली. मी पाहिली. खाली सही केली. कागद त्यांच्यासमोर घडी घालून घेतला.

पुढं चांगलं काही झालं नाही. दुसरी मशीन जवळपास नव्हती. मोलाचे दिवस गेले ते गेले. घरी मी रोज तेल लावून तो हात चोळला. तो जरासा उघडायला लागला, पण बोटं आखडलेलीच राहिली. पेन धरता आलं नाही. दीड वर्षानं घराच्या कागदावर तलाठ्यानं बाचा अंगठा घेतला. घेताना बानं भिंतीकडं तोंड केलं होतं. त्या वर्षीच तो गेला.

मी डी.एड. सोडलं. एका सरकारी दवाखान्यात अशाच मशीनच्या कामाला मदतनीस म्हणून लागले, मग रीतसर शिकले. आता मशीन माझ्या ताब्यात असते. काम शिकायला नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला पेटीजवळ जाऊ देत नाही. आधी पेशंटचा हात हातात घ्यायला लावते. उघडा हात. घामाचा असो, मातीचा असो, लाळेनं भरलेला असो. जागा बोटांनी शोधायला लावते.

कुणी हात मागं घेतला, कुणी बाहीवरून पट्टी बांधताना दिसला, तर मी मशीन बंद करते आणि त्याला बाहेर काढते. त्याला ठेवून घ्या म्हणून वरून चिठ्ठी आली तरी काढते. दोनदा आली होती. दोन्ही वेळा काढलं. माझी बदली झाली. नव्या ठिकाणीही मी तेच करते आहे.