आमच्या गल्लीतून गेलेली प्रभागाची हद्द

मंडळी, आज फार दमलेय.

नव्या प्रभागरचनेत ठाण्याच्या खाडीकाठचा आमचा कोळीवाडा दोन तुकड्यांत गेलाय. हद्द आमच्या गल्लीतूनच काढलीय. आमचं घर एका प्रभागात, समोरच्या हिराकाकूंचं दुसऱ्यात. दोन्हीकडे मोठाले टॉवर. त्यांच्या मतांपुढे आमची किती पुरणार?

म्हणून आम्ही दोघींनी हरकत घेतलेली. आज तिची सुनावणी होती. काकूंनी मासळीची पाटी घरीच ठेवली. तीन तास बसल्यावर नंबर लागला.

काकू म्हणाल्या, "साहेब, आमी सगल्यांनी मिलून मतं दिली म्हनून जेट्टी झाली. आता आमाला कोन विचारनार?"

"मावशी, लोकसंख्या जुळवावी लागते. हरकत नोंदवलीय. पुढचे या."

दोन मिनिटं. संपलं.

जिना उतरताना काकूंनी विचारलं, "म्हंजे आता गटार तुंबलं तर आपन एकत्र नाय जायाचं?"

मी म्हटलं, "नाही काकू. तुमचे नगरसेवक वेगळे, माझे वेगळे."

रिक्षा मिळेपर्यंत त्या माझा हात धरून उभ्या होत्या.

तुमच्यापैकी कुणाची हरकत कधी मान्य झालीय का हो? झाली असेल तर लिहा. काकूंना वाचून दाखवेन.