गुलाबी पडलेलं सिलिका जेल

त्या शुक्रवारी मी सोळा दिवसांनी लॅबमध्ये पाय ठेवला. साल दोन हजार सात, जुलै महिना, कोल्हापूर... पाऊस असा की वाळत टाकलेली ओढणी तिसऱ्या दिवशीही ओलीच.

सोळा दिवस मी घरी होते, कोडोलीला. माझे वडील गेले होते. आम्ही बौद्ध, त्यामुळे जलदानविधी पाचव्या दिवशीच झाला. पण आई एकटी पडली होती, म्हणून राहिले. फोन करून रजा वाढवून मागितली तर गाईड सर म्हणाले, "तुमच्यात तेरा दिवस नसतात ना? मग एवढी रजा कशाला?"

मी फोन ठेवला आणि तरीही राहिले.

पीएचडीचं तिसरं वर्ष होतं. विषय नॅनो मटेरियल्स. तेव्हा नॅनोचं भलतंच कौतुक! वडील गावात सांगायचे, "डोळ्याला दिसत न्हाय असली पावडर करत्या आमची पोरगी." त्यावर कुणीतरी हमखास विचारायचं, "मग झाली का न्हाय ते कळतंय कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. ते कळायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेत होता. तिथे मी पाच महिन्यांपूर्वी नंबर लावला होता आणि तारीख मिळाली होती येत्या सोमवारची. तिथे निघणाऱ्या फोटोंवरच माझा पुढचा सगळा प्रबंध उभा राहणार होता.

नॅनो पावडरचा एकच मोठा शत्रू... ओल. दमट हवा लागली की कण एकमेकांना चिकटतात, गठ्ठे होतात. नंतर कितीही तापवा, ओल जाते पण गठ्ठे सुटत नाहीत. चार महिन्यांची मेहनत साध्या पिठाच्या लायकीची होते.

म्हणून सगळ्यांची सॅम्पल्स एकाच डेसिकेटरमध्ये ठेवायची. म्हणजे काचेचं जाड, घट्ट झाकणाचं भांडं, तळाशी सिलिका जेलचे खडे. ते निळे असले की कोरडे आणि गुलाबी झाले की ओल पिऊन भरलेले. मग ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करायचे. आम्ही त्याला 'जेल भाजणं' म्हणायचो. पावसाळ्यात दर चार दिवसांनी ते करावं लागायचं.

ते काम लॅबमधल्या सगळ्यात नवीन माणसाचं, अशी पद्धत होती. माझ्यानंतर दोन मुलं आली, तरी ते माझ्याकडेच राहिलं. का, ते विचारू नका.

तर त्या शुक्रवारी मी डेसिकेटरजवळ गेले. काचेतूनच दिसलं... जेल गुलाबी. नुसतं गुलाबी नाही, पार विटकं. झाकण सरकवलं, पहिली पुडी उघडली. पावडरीचे खडे झाले होते. माझ्या बाराच्या बारा पुड्या तशाच.

मला आधी वाटलं, लॅबमधले बाकीचे विसरले असतील. घाईगडबडीत होतं माणसाकडून... खरंच, मनातल्या मनात मी त्यांची बाजू घेत होते.

मग शेजारी दुसरा डेसिकेटर दिसला. हा एरवी कपाटात पडलेला असायचा. आत नव्या बाटलीतलं जेल, निळंशार. आणि त्यात सगळ्यांची सॅम्पल्स. सगळ्यांची... माझी सोडून.

म्हणजे यांनी पाहिलं होतं. स्वतःचं उचलून नेलं होतं आणि माझं झाकण परत लावून ठेवलं होतं!

आमचा सीनियर प्रसाद समोरच बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "अगं, जेल तूच भाजतीस की. आणि दुसऱ्याच्या सॅम्पलला हात लावायचा नसतो, नियम हाय लॅबचा." नियम होताच. त्याच नियमाआड तो निवांत बसला होता.

लॅबचे शिपाई बापूमामा दारात उभे राहून ऐकत होते. प्रसाद बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, "म्या दोनदा सांगितलं पोरास्नी, तिचं जेल गुलाबी झालंय, वाईच भाजा. पोरं म्हणाली, ती आल्यावर करंल. मी भाजाय गेलो तर, मामा तुम्ही हात लावू नका म्हणाली." आणि त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारची तारीख वाया जाऊ नये म्हणून सरांनी माझ्या नंबरावर प्रसादची सॅम्पल्स पाठवली. मला पुढचा नंबर मिळायला आठ महिने लागले. प्रसाद माझ्या आधी दीड वर्ष डॉक्टर झाला, त्याच फोटोंवर.

माझाही प्रबंध झाला शेवटी. ऋणनिर्देश लिहिताना मी एकच नाव घातलं होतं, बापूमामांचं. सरांनी त्यावर काट मारली. "शिपायाचं नाव शोभत नाही. लॅबमधल्या सगळ्यांची नावं घाल, पद्धत आहे." मला प्रबंधावर त्यांची सही हवी होती... घातली. प्रसादसह सगळ्यांच्या 'मनमोकळ्या सहकार्याबद्दल' आभार मानले. ते पान आजही लायब्ररीत आहे, माझ्या सहीनिशी.

परवा लॅबच्या ग्रुपवर मेसेज आला, गेट-टुगेदर आहे, प्रत्येकाने एक गोड आठवण लिहून पाठवा. मी लिहायला बसले आणि हे निघालं. राग गेलेला नाही. जावा असंही आता वाटत नाही.

माझ्या प्रबंधातला तो ऋणनिर्देश खोटा आहे. खरा एवढाच आहे... बापूमामा, तुम्ही माझ्यासाठी दोनदा बोललात. मी तुमची ऋणी आहे. बाकी कुणाचीही नाही.