जोडीदाराचा फटका

इंग्लंडमधल्या त्या नामांकित गोल्फ कोर्सचं चित्र आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर होतं. वर्ष उलटलं तरी माझ्या बायकोने, सुधाने, ते पान काढलं नाही. "एकदा इथे खेळायचं," म्हणायची. ती गेल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात मुलाने मला तिथे नेलं. माळभर हेदरची बुटकी झुडपं फुलली होती. त्यांचा जांभळा रंग चित्रातल्यापेक्षा फिका होता, धुऊन धुऊन विटलेल्या साडीसारखा.

माझा पहिला फटका बरा बसला. सवयीने मी बाजूला झालो आणि गप्प उभा राहिलो. जोडीदार फटका मारत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही. सुधाला नेम धरायला फार वेळ लागायचा. एरवी अखंड बोलणारे आम्ही एवढी शांतता फक्त मैदानावरच पाळायचो. माणूस जातं, पण त्याच्यासाठी बाजूला सरकायची सवय पायांत राहते.

"बाबा, चला ना," बॅग सांभाळत मुलगा म्हणाला. तो स्वतः खेळत नाही.

"थांब, आईचा अजून..." मी बोलून गेलो.

त्याने बॅग हळूच खाली ठेवली आणि न हलता माझ्याशेजारी उभा राहिला.