माशाच्या वाट्याचा पंखा

माणूस साधा असावा, पण धुडकूनानांइतका साधा असला की मला राग येतो.

लिंबायतच्या कापड कारखान्यांच्या वस्तीत आम्ही एकाच इमारतीत राहतो. मी खालच्या खोलीत, ते वर पत्र्याखाली. मी अकोल्याची, ते अमळनेरकडचे. नानांचा उभा जन्म कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात गेला, त्यामुळे कान गेलेत. स्वतः बोलतात तेही गल्लीच्या टोकापर्यंत पोचतं. बायको गेली तेव्हा मुलगी शाळेत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून सगळं नानांनी एकट्यानं केलं. आता लूम झेपत नाही म्हणून त्याच कारखान्यात सकाळची झाडलोट करतात आणि दुपारी घरी येऊन त्या तापलेल्या पत्र्याखाली बसतात.

मुलगी मयुरी. गेल्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती डिंडोलीला गेली. डिंडोली काही लांब नाही, रिक्षा केली की पोचलं. पण नव्या सुनेला रोज उठून माहेरी कोण सोडतंय? जाताना ती आपला मासा मागे ठेवून गेली. शेंदरी रंगाचा, पोट सुटलेला, नाव गाजर. काचेच्या टाकीत एकटाच राहायचा आणि सारखं काहीतरी राहून गेल्यासारखा फिरायचा.

जाताना मयुरीनं नानांना सगळं शिकवलं होतं. टाकी उन्हाच्या भिंतीपासून लांब ठेवायची. दुपारी आतला दिवा बंद. पाणी तापलं की पाणी गोठवलेली बाटली, झाकण घट्ट लावून, पाण्यात तरंगत सोडायची. बर्फ सरळ टाकायचा नाही, एकदम गारठा बसला तर मासा मरतो. आणि संध्याकाळी काचेच्या थर्मामीटरवरचा आकडा बघून तिला सांगायचा.

माझ्याकडे फ्रीज आहे, म्हणून बाटल्या माझ्याकडे गोठायच्या. नाना दुपारी दारात उभे राहून ओरडायचे, "ताई, गाजरनी बाटली!" माझी डुलकी मोडायची. मी बडबडत बाटली द्यायची आणि ते ती टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल न्यावं तशी वर न्यायचे.

संध्याकाळी मयुरीचा फोन यायचा. नाना स्पीकर लावत, त्यामुळे तो आम्हा सगळ्यांनाच ऐकू यायचा.

"पप्पा, आज कितलं शे?"

"अठ्ठावीस शे, माय. मजामा शे गाजर."

मग जेवणाचं, सासूबाईंचं, शेजारच्या बारशाचं. आकडा सांगून झाला तरी फोन बराच वेळ चालायचा. फोन ठेवल्यावर नाना टाकीशी बसून माशाला तेच सगळं पुन्हा सांगायचे. मी हसायची. म्हणायची, नाना, माशाचं लग्न लावून टाका आता.

होळी झाली आणि ऊन चढलं. नानांच्या खोलीत एकच टेबलफॅन. तो त्यांनी टाकीच्या तोंडाकडे वळवून ठेवला, कारण पाण्यावरून वारा गेला की पाणी निवतं. स्वतः जमिनीवर ओला पंचा अंगावर टाकून पडायचे. मी चिडून म्हटलं, "नाना, तुम्हाला काही झालं तर मासा डॉक्टरला बोलावणार आहे का जी?" ते नुसते हसले.

त्याच सुमाराला एकदा मयुरी फोनवर म्हणाली, "पप्पा, सासूबाई हा बोलन्यात. गाजरले आठे लई येऊ का? आठे कूलर शे."

नानांनी पंख्याची मान उगाच सारखी केली. म्हणाले, "त्याले आठली सवय व्हई गई. राहू दे."

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

चैत्र संपत आला तेव्हा भाच्याच्या लग्नासाठी मी अकोल्याला गेले. जाताना नानांना खोलीची किल्ली देत होते, फ्रीज वापरा म्हणून. त्यांनी घेतली नाही. दुसऱ्याच्या घरात बाईमाणूस नसताना शिरायचं नाही, हा त्यांचा बाणा. बाण्यापुढे मी काय बोलणार?

परत आले तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, नवी लेक तर हमखास येतेच. मला वाटलं, वर नुसती धांदल चालली असेल. जाऊन बघते तर नाना भिंतीला टेकून बसलेले. टाकीभोवती कोरं कापड ओलं करून गुंडाळलेलं, पंखा टाकीकडे. आत पाणी होतं, मासा नव्हता.

"गाजर कुठंय?"

नानांनी सांगितलं. बाटल्या बंद झाल्यावर त्यांना लूमचा कारखाना आठवला. तिथं उन्हाळ्यात ओली पोती टांगायचे, तेवढीच हवा निवायची. म्हणून त्यांनी कारखान्यातून लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा आणला, ओला केला, टाकीवर घातला आणि त्याचं एक टोक पाण्यात सोडलं, म्हणजे कापड आपोआप ओलं राहील. पाणी खरंच निवलं. त्या संध्याकाळी त्यांनी मयुरीला आकडा मोठ्या तोऱ्यात सांगितला.

पण लूमच्या कोऱ्या कापडात तेल असतं. धाग्यालाच लावलेलं असतं ते. मिलमध्ये धुतल्याशिवाय निघत नाही. हे नानांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण लूमवरच्या सगळ्यांनी जन्मभर त्याच कापडानं तोंड पुसलेलं, त्यातच भाकरी बांधलेली. त्यांच्या लेखी त्याहून स्वच्छ कापड नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्यावर रंगीत तवंग आला आणि मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला. त्याला श्वास पुरत नव्हता. नानांना वाटलं, भूक लागली. त्यांनी त्याला दाणे घातले. संध्याकाळपर्यंत तो उलटा झाला.

"मी त्याले जेवू घालत व्हतो, ताई," नाना म्हणाले, आणि त्यांचा तो गल्लीभर जाणारा आवाज मला कान देऊन ऐकावा लागला.

टाकी त्यांनी घासूनपुसून पुन्हा भरली होती. कापड साबणानं धुऊन परत गुंडाळलं होतं. मयुरीचा फोन येत होता आणि ते आकडा सांगत होते. मासा नव्हता, पण आकडा तरी खोटा नको, म्हणून रिकामं पाणी निववत होते. मला हसू येईना आणि रागवावं कशावर तेही कळेना.

"बाजारातून तसाच दुसरा आणते," मी म्हटलं.

"नको. पोरगीनं मागला व्हता. मीच दिन्हा नही. मासा गया ते फोन बी गया, असं वाटनं माले." त्यांनी तोंडावर हात घेतला. "मी चोर शे, ताई."

डिंडोलीला कूलरच्या गारव्यात तो मासा आज जिवंत असता. नानांनी तो स्वतःसाठी अडवून ठेवला होता. मी काय समजूत घालणार? खरंच होतं ते. मी खाली येऊन उगाच भांडी आपटली.

आखाजीला मयुरी आली. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत नानांनी सांगून टाकलं. मी सांजोऱ्या द्यायला वर गेले होते, दारातच थबकले.

"तुना गाजर मरी गया, माय. मनामुयेच मरना. तुना फोन येवाले पाहिजे, म्हनीसनी मी दिन्हा नही."

मयुरी टाकीकडे बघत राहिली. मग तिचा आवाज चढला, बापासारखाच.

"मंग मी काय माशाकरता फोन करू का, पप्पा?"

नानांना ते ऐकू आलं. मला वाटतं, सगळ्या गल्लीला आलं. मासा फुकट मेला होता. नाना तिथंच खाली बसले आणि मयुरी पदर तोंडाशी धरून रडली. दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा आखाजीला पुजलेल्या घागरीपुढे नैवेद्याचं ताट तसंच होतं, सांजोऱ्यांना कुणी हात लावला नव्हता.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. नाना मोबाईल मांडीवर घेऊन बसून राहिले. मी दोनदा वर जाऊन आले आणि दोन्ही वेळा चहा तसाच परत आणला.

पुढच्या दिवशी मी वरच होते तेव्हा फोन वाजला.

"पप्पा, आज कितलं शे?"

नाना गोंधळले. "मासा नही शे, माय."

"मी खोलीनं इचारी राहिनू."

नानांनी थर्मामीटर पाण्यातून काढला, सदऱ्याला पुसला आणि हातात धरून उभे राहिले. पारा चढत गेला, चाळीसच्या वर गेला. त्याकडे बघत ते म्हणाले, "अठ्ठावीस शे. मजामा शे."

"खोटं बोलतात!" मी ओरडले. "चाळीसच्या वर आहे, मयुरी, आणि पंखा अजून टाकीकडेच आहे!"

 पलीकडून मयुरीचा हळू आवाज आला, "पंखा सोताकडे फिरवा, पप्पा. मी फोन धरी ठेवस."

नानांनी पंखा फिरवला. वाऱ्यानं सदरा फुगला आणि ते तोंड पाडून बसले, दुसऱ्याच्या ताटातलं खाताना सापडल्यासारखे.

"लागस का वारा?" मयुरीनं विचारलं.

नानांनी नुसती मान हलवली, ती तिला दिसणार कशी, म्हणून मीच सांगितलं, लागतोय.